दिवसा सांगितलेली गोष्ट

जऊळक्याच्या स्टेशनावर अंजना पाणी पाजायची. रेल्वेच्या कागदोपत्री तिच्या कामाला चांगलं लांबलचक नाव होतं, पण गाडी थांबली की खिडक्यांमधून हाक यायची ती ‘ए पाणीवाली’ हीच. अकराची पॅसेंजर गेली की चारच्या पॅसेंजरपर्यंत तिला फारसं काम नसे. फलाटावरचे दोन रांजण भरायचे, त्यांच्यावर ओलं फडकं टाकायचं आणि बसायचं. ही गोष्ट त्या मधल्या पाच तासांतली आहे. भुताखेतांना अमावस्येची रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली वैशाखाची दुपार एकदा एकट्यानं काढून पाहावी.

अंजनाचा बाप मेडशीचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आल्या आल्या घरातले देव विहिरीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत नेऊन बसवलं. “आता कोणालेच भ्यायचं नाई,” एवढंच तो म्हणाला. अंजनानं ते मनावर घेतलं. वाशीमला राहून ती मॅट्रिकला बसली. पहिल्या खेपेला इंग्रजीनं तिला लोळवलं, दुसऱ्या खेपेला तिनं इंग्रजीला. मग लग्न झालं, जऊळका स्टेशनावरच्या सांधेवाल्याशी, भिवाजीशी. चांगला माणूस होता. पण सात वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला ‘काय रांधलं?’ याखेरीज दुसरा प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. एका संध्याकाळी सिग्नलच्या दिव्यात तेल घालायला गेला आणि साप चावून मेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी तिला ही नोकरी मिळाली आणि रेल्वेची एक खोली. खोलीच्या दाराला आतून लोखंडी कडी होती. ती लावून एकटीनं स्वस्थ बसण्यात केवढं सुख आहे, हे तिला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. त्या सुखाची तिला थोडी लाजही वाटे.

आता शहात्तर सालच्या उन्हाळ्यात ती कडी सुटायची चिन्हं होती. भाऊ इंद्रभान मेडशीला शेती करायचा आणि दर गुरुवारी दुपारी बहिणीला भेटायला यायचा. त्यानं स्थळ आणलं होतं. दौलतराव, मेडशीच्या शाळेत मास्तर, बायको वारलेली, पदरी दोन पोरं. माणूस वाईट नव्हता. नोकरी मात्र सोडावी लागेल, असा त्यांचा निरोप होता. भाऊबंदांनी विचार केला, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी विचार केला, दौलतरावांच्या थोरल्या पोरालासुद्धा विचारून झालं. अंजनाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. वैशाखी पौर्णिमेला लग्न लावायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

आणि नेमकं त्याच वेळी तिच्या हातात ते इंग्रजी पुस्तक होतं.

ते तिला आदल्या पावसाळ्यात पहिल्या वर्गाच्या डब्यात, बाकाखाली सापडलं होतं. नियमाप्रमाणे तिनं ते स्टेशनमास्तरांकडे जमा केलं. सहा महिने ते कपाटात पडून राहिलं, मागायला कोणी आलं नाही. मग मास्तरांनी ते फुटाणेवाल्याला दिलं. फुटाणेवाल्यानं मागच्या बाजूनं सुरुवात करून वीस-पंचवीस पानांच्या पुड्या बांधल्याही, तेवढ्यात अंजनानं उरलेलं मागून घेतलं. मास्तर हसून म्हणाले, “झेपेल का?” ती म्हणाली, “पायतो.” कव्हरावर खांद्यावरून झगा घसरलेली एक बाई होती आणि तिच्यामागे रुंद काठाची टोपी घातलेला घोडेस्वार. अंजनानं आधी कव्हराला वर्तमानपत्र चढवलं आणि मगच पुस्तक घरात आणलं.

शाळेतली जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन ती रोज चार पानं वाची. गोष्ट होती शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली, पश्चिमेकडच्या उजाड मुलखातली. उघडी जमीन, गुरांचे कळप आणि मैलोन्‌मैल झाड नाही. तिथं एक तरुण विधवा आपल्या शेतात एकटी राहते. एका भर दुपारी एक घोडेस्वार पाणी मागायला येतो. त्याच्या खांद्यात गोळी आहे. ती त्याला गोठ्यात ठेवून घेते, जखम धुते. त्यानंतर जे सुरू होतं त्याच्यासाठीच असली पुस्तकं खपतात, हे काही सांगायला नको. एकेका चुंबनाला चार-चार पानं. बाईच्या झग्याला बटणं किती होती ते लेखकानं मोजून लिहिलेलं. काही शब्द डिक्शनरीत नव्हते, आणि ते नव्हते म्हणूनच अंजनाला कळले. कडी लावलेल्या खोलीत तिचे कान तापत आणि ती पुस्तक मिटून पाण्याचा तांब्या तोंडाला लावी. मग पुन्हा उघडी.

एकटीच्या पोटात ते किती दिवस मावणार? मालधक्क्याच्या पत्र्याखाली दुपारी बायका तुरी निवडत बसायच्या. म्हातारी तुळसाबाई, तिशीतली कस्तुराबाई आणि नवी नवरी बेबीबाई. तुळसाबाई पाणी घरून तांब्यात आणायची, अंजनाच्या रांजणाचं प्यायची नाही. गोष्ट मात्र तिला अंजनाच्या तोंडची चालली. अंजना आपल्या बोलीत सांगायची आणि सुपांची फडफड हळूहळू बंद व्हायची.

“हा घोडेवाला करते काय पण?” तुळसाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“गुरं राखते.”

“म्हंजे गुराखी होय? आपला सोमला बी गुराखीच हाय. त्याच्यासाठी कोण बाई दार उघडून राह्यली?”

बायका खो खो हसल्या. पण पाचव्या-सहाव्या दिवशी तो प्रसंग आला. जखम बरी झालेला स्वार बाईच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो, टोपी हातात घेतो आणि विचारतो, ‘मी आत येऊ?’

कस्तुराबाईचा हात सुपातच राहिला. “त्यानं इचारलं?” ती म्हणाली. “तिले इचारलं?”

त्याच्या पिळदार दंडांची वर्णनं पानोपानी होती. बायकांनी ती पदर तोंडात धरून ऐकली होती. पण त्या दंडांनी त्यांना जेवढं हलवलं नव्हतं तेवढं त्या तीन शब्दांनी हलवलं. बेबीबाईच्या लग्नाला चार महिने झाले होते. तिनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. तुळसाबाईला सहा लेकरं झाली होती, ती लांब रुळांकडे पाहत राहिली.

त्यानंतर तुळसाबाईनंच ते काढलं. “अंजने, दिवसा गोष्ट सांगू नाई. मामा वाट चुकते.”

हे वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असतं. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की कोणाचा तरी मामा, म्हणजे कोणा बाईचा भाऊ, रस्त्यात वाट हरवतो. गोष्ट अर्धी टाकली तर त्याला ती वाट पुन्हा सापडतही नाही. अंजना हसली. तिच्या बापानं असल्या गोष्टी विहिरीत सोडल्या होत्या.

“मंग रात्री सांगू? रात्री तुमी याल? सैपाक कोण करन, अन् नवऱ्याले काय सांगून याल?”

बायकांना स्वतःचा असा वेळ होता तो दुपारचाच. गोष्ट चालू राहिली.

मग रांजणातलं पाणी कमी होऊ लागलं. अकराची गाडी गेली की फलाटावर चिटपाखरू नसे, आणि तरी चारला अंजना यायची तेव्हा पाणी चार बोटं खाली गेलेलं असायचं. तिनं रांजणाच्या आत खडूनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं आणि पाणी काढायचं ओगराळं, जे ती नेहमी पालथं ठेवायची, उताणं होतं. ऊन आहे, आटत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या रांजणाचं पाणी रेघेवरच होतं, त्याचं काय, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

बेबीबाईला मालधक्क्यामागच्या धुळीत टाप दिसली. नाल ठोकलेल्या घोड्याची, खोल उमटलेली. स्टेशनावरच्या टांगेवाल्याची घोडी दिवाळीतच मेली होती. त्यानंतर जऊळक्यात घोडा नव्हता. बायका त्या टापेभोवती उभ्या राहिल्या आणि कोणीतरी थट्टा करील म्हणून वाट पाहू लागल्या. कोणीच केली नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी अंजना खोलीत कडी लावून पडली होती. बाहेर दगडावर लोखंड वाजल्यासारखा आवाज आला. टक, टक. थांबला तो तिच्या दारापाशी. घामेजल्या जनावराचा वास दाराच्या फटीतून आत आला. ती उठली, कडीवर हात ठेवून उभी राहिली. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. दार ठोठावलं नाही, ढकललं नाही. नुसतं उभं होतं. अंजनाला भीती वाटली. पण भीतीच्या खाली दुसरंही काही वाटलं, आणि त्याची तिला भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. चारच्या गाडीची घंटा झाली तेव्हा तिनं दार उघडलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

पुढचा गुरुवार उजाडला. इंद्रभान दौलतरावांचा पक्का शब्द घेऊन त्याच दुपारी येणार होता. मालधक्क्यावर अंजना गोष्टीच्या शेवटाला आली होती. कळप घेऊन गेलेला स्वार लांबचा पल्ला मारून परत येतो. बाई दारात उभी. तो घोड्यावरून उतरत नाही. म्हणतो, ‘मी पुष्कळांना पुष्कळ काही विचारलं, हे एक तुला विचारायचं राहिलं. तुला काय हवं आहे?’

अंजना थांबली. त्यापुढे पान नव्हतं. त्यापुढची पानं जऊळक्यानं फुटाणे खाऊन फेकून दिली होती. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिनं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. तेव्हाचं तेव्हा पाहू, असं म्हणत ती इथवर आली होती.

“मंग? काय म्हणे ती?” कस्तुराबाईनं विचारलं.

“उरलेली उद्या.”

“आज पुरी कर,” तुळसाबाई म्हणाली. “दिवसा सांगून राह्यली, अन् वरून अर्धी टाकते काय?”

“उद्या, मावशी,” असं म्हणून अंजना उठली.

त्या दुपारी इंद्रभान आला नाही.

शुक्रवारी सकाळी मेडशीहून निरोप आला, इंद्रभान घरी का परतला नाही म्हणून. मग चौकशी झाली. एसटीचा कंडक्टर म्हणाला, मी त्याला काल बारा वाजता जऊळक्याच्या फाट्यावर उतरवलं, चांगला चालत निघालेला पाहिला. फाट्यापासून स्टेशन दोन मैल. सरळ रस्ता, एक वळण नाही, मध्ये नाला नाही, आडरान नाही. उतरलं की समोर स्टेशनाचा लाल पत्रा दिसतो. त्या रस्त्यानं इंद्रभान नऊ वर्षं येत होता. गावची माणसं शुक्रवारभर हिंडली, विहिरी पाहिल्या, झुडपं पाहिली. संध्याकाळी रस्त्यालगतच्या पडीक वावरात त्याच्या टायरच्या चपलांचे ठसे सापडले. ते मोठ्या गोलात फिरले होते, पुन्हा पुन्हा, एकावर एक. आणि त्यांच्या शेजारून घोड्याच्या टापा.

अंजना ते पाहून आली आणि खोलीत जाऊन बसली. बापानं सांगितलं होतं, भ्यायचं नाही. ती भ्यायली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, भाऊ येऊ नये असं गुरुवारी सकाळी तिच्या मनात क्षणभर येऊन गेलं होतं. तो आला की तिचं आयुष्य ठरणार होतं. तेवढ्यासाठी तर त्याची वाट हरवली नसेल? कडी लावलेल्या त्या खोलीत ती भावासाठी पोटभर रडली.

शनिवारी अकराची गाडी गेल्यावर ती मालधक्क्यावर गेली. बायका आल्या होत्या, पण सुपं भिंतीला टेकून उभी होती.

“पुरी कर, माय,” तुळसाबाई म्हणाली.

“मावशी, पुस्तकात पुढचं नाई. पानं फाटली हायत. मले पयलेपासून ठाऊक होतं.”

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. तुळसाबाईनं कपाळाला हात लावला. बेबीबाई रडू लागली. कस्तुराबाई मात्र सरकून अंजनाच्या समोर बसली.

“मंग तू सांग.”

“मी? ती काय म्हणाली ते मले कसं ठाऊक असन?”

“ते कागदावर नसन. बाईले तर इचारलं ना त्यानं? तो उन्हात थांबला अशीन. तूच जबाब दे.”

अंजनानं डोळे मिटले. आजवर ती दुसऱ्याच्या तोंडचं सांगत आली होती. लांब कुठेतरी, फाट्याच्या बाजूला, दगडावर लोखंड वाजलं. बायकांनीही ते ऐकलं, कारण बेबीबाईचं रडणं थांबलं.

“ती बाई म्हणाली,” अंजना हळू बोलू लागली, “हे घर मायं हाय. ते मी सोडणार नाई, कोणासाठीच नाई. दाराची कडी आतूनच राहीन. तू आलास तं बाहीर थांबशीन. मी उघडीन तवाच आत येशीन, अन् मी उघडीन ते मायासाठी उघडीन. कोणाची सोय म्हणून नाई.”

एवढं बोलून तिला दम लागला. टापा जवळ आल्या, मालधक्क्याला वळसा घालून फलाटाकडे गेल्या. कोणी मान वर केली नाही. मग त्या दूर होत होत थांबल्या.

“झाली?” तुळसाबाईनं विचारलं.

“झाली.”

तुळसाबाईनं आपला तांब्या उचलला, त्यात पाणी नव्हतं. ती मुकाट्यानं उठली, फलाटावर गेली आणि अंजनाच्या रांजणातलं ओगराळं भरून घटाघटा प्यायली. आणि तिथूनच ती ओरडली.

फाट्याच्या रस्त्यानं इंद्रभान चालत येत होता.

त्याचे कपडे स्वच्छ होते. पिशवीत बहिणीसाठी आणलेली कोथिंबिरीची जुडी होती, तिच्यावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. अंजनानं त्याचे दोन्ही दंड धरले.

“भाऊ, कुठी होता दोन रोज?”

“दोन रोज?” तो हसला. “आताच तं उतरलो येष्टीतून. अर्धा घंटा झाला अशीन. रस्ता थोडा लांबला खरा. टेसन दिसे, पण येईच ना. मंग एक घोडेवाला भेटला. ही मोठी टोपी. त्यानं बाभळीखाली बसवलं, पाणी देल्लं.”

“काय बोलला?”

“बस म्हणे. तिकून जबाब आला की वाट सुटन.”

“कोणत्या बोलीत बोलला, भाऊ?”

इंद्रभानचं हसू मावळलं. “ध्यानात येत नाई,” तो म्हणाला. “समजत होतं.” मग तो बहिणीकडे पाहू लागला, पहिल्यांदाच पाहतोय तसा. “आखीन एक बोलला तो. तुया बहिणीले इचारलं काय, म्हणे. मी म्हणलं, काय इचाराचं? तं नुसता पाहे मायाकडे.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “अंजना, तुले काय पायजे वं?”

उत्तर तर तयार होतं, घटकेपूर्वीच दिलेलं. पण पुस्तकातल्या बाईच्या आडून ते सोपं गेलं होतं. भावाच्या तोंडावर ते बोलताना तिला रडू फुटलं. रडत रडत ती सगळं बोलली: नोकरी, खोली, कडी. दौलतराव भले आहेत, त्यांना तसं सांग, पण मी येणार नाही. इंद्रभाननं सगळं ऐकून घेतलं. वस्तीत काय उत्तर द्यायचं, याची चिंता त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. तरी तो “बरं” म्हणाला, आणि चारच्या गाडीआधी फाट्याकडे परत निघाला. अंजना तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. तो सरळ गेला.

रविवारी तिनं रांजण भरले, आत खडूची रेघ ओढली. चारला पाहिलं तर पाणी रेघेवरच होतं. सोमवारीही तसंच. गावात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मालधक्क्यावर सुपं पुन्हा वाजू लागली. अंजनालाही बरं वाटायला हवं होतं. तिला वाईट वाटलं. मंगळवारी ती चार वाजायची वाट न पाहताच रांजण पाहून आली.

बुधवारी भर दुपारी ती कडी लावून बसली होती. पुस्तक मांडीवर होतं, पण ती वाचत नव्हती. बाहेर दगडावर लोखंड वाजलं. दाराशी येऊन थांबलं. जनावराचा वास आत आला. कोणी दार ठोठावलं नाही.

अंजनानं पुस्तक बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, तांब्यात थंड पाणी भरून घेतलं आणि कडी काढली.